वाड्याचें कवाड आणि मोटारघराचें शटर

इ. स. १६६० च्या जून महिन्यांत शाएस्तेखानानें चाकणच्या भुईकोट किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि त्याच्या हाताखालचे थोडके लोक यांनीं तो किल्ला ऐन पावसाळ्यांत सुमारें पंचावन्न दिवस झुंजविला. अखेर १४ ऑगस्टला ईशान्येकडील बुरुजाखालीं मोंगलांनीं पुरलेला सुरुंग उडाला, बुरूज व त्यावरील माणसें आकाशांत फेंकलीं गेलीं, आणि दुसऱ्या दिवशीं किल्ला खालीं झाला. मोंगलांकडील २६८ माणसें कामास आलीं व ६०० जखमी झालीं, असें जदुनाथ सरकारांनीं नोंदविलें आहे. फिरंगोजीचें शौर्य सर्वांच्या मुखीं आहे. परंतु या हकीगतींतील एक लहानशी गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. किल्ला पडला तो बुरुजाच्या बाजूनें पडला, दरवाजाच्या बाजूनें नव्हे. वास्तविक तटामध्यें जेथें मुद्दाम वाट ठेवलेली असते ती दरवाजाची जागा सर्वांत दुबळी म्हणावयाची. पण जुने बांधकाम करणारे तिची एवढी निगा राखीत कीं, शत्रूला दगडी बुरूज पोखरण्याचा उद्योग कित्येकदां अधिक सोपा वाटे.

त्याच चाकणच्या माळावर आज मोटारींचे कारखाने उभे आहेत. बजाजचा कारखाना तेथें १९९९ सालीं सुरू झाला, फोक्सवॅगनचा २००९ सालीं उघडला, आणि त्यांच्या आगेंमागें आणखीही आले. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यांत गाडीच्या एकेका खिळ्याची तपासणी होते. पण तीच गाडी विकत घेऊन घरीं आणल्यावर रात्रीं ती ज्या मोटारघरांत विसावा घेते, त्या मोटारघराच्या दाराकडे फारसें कोणी पाहत नाहीं. दार ओढलें, कुलूप घातलें, कीं कर्तव्य संपलें. ही उपेक्षा निरुपद्रवी असती तर तिजविषयीं बोलण्याचें कारण नव्हतें. तशी ती नाहीं. जुन्या दाराचें भय बाहेरच्याला वाटे. नव्या दाराचें भय घरांतल्यालाच बाळगावें लागतें. हा पालट कसा घडून आला तें पाहण्यासारखें आहे, कारण तो कळल्यावांचून नव्या दाराची निगा कशी राखावी हेंही नीटसें कळत नाहीं.

जुन्या दरवाजाचा नमुना पाहावयाचा तर पुण्याचा शनिवारवाडा पाहावा. थोरल्या बाजीरावानें त्याचा पाया १७३० सालीं घातला आणि १७३२ सालीं वास्तुशांति झाली. आंतील मजले १८२८ च्या आगींत नाहींसे झाले, तरी उत्तरेकडील दिल्ली दरवाजा अजून आपल्या जागीं आहे. अंबारीचा हत्ती सहज आंत जावा एवढी त्याची उंची. कवाडांवर हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीपर्यंत टोंकदार पोलादी खिळे. आणि एका कवाडांत माणसाला वांकून जातां येईल एवढी दिंडी. रोजची ये-जा दिंडीनें व्हावयाची. मोठीं कवाडें प्रसंगानेंच उघडावयाचीं. ही व्यवस्था नुसत्या थाटाची नव्हती. मोठें कवाड जितकें कमी हालवावें तितकें तें अधिक टिकतें, हा तिच्यांतला व्यवहार होता. आज्ञापत्र लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांनीं तर किल्ल्याला एकच दरवाजा असणें हा मोठा दोष मानला आहे, आणि जागा पाहून दोन-तीन दरवाजे व चोरदिंड्या ठेवाव्या असें बजावलें आहे. एक वाट अडली तर दुसरी मोकळी असावी, हा विचार मोटारघराच्या बाबतींतही पुढें उपयोगी पडणार आहे.

वाड्याचें कवाड कसें टांगलेलें असे? खरें म्हणजे तें टांगलेलें नसेच. कवाडाच्या एका कडेला वर आणि खालीं लाकडाचा गोल खुंट राखीत. वरचा खुंट चौकटीच्या भोंकांत फिरे आणि खालचा खुंट उंबरठ्याशीं बसविलेल्या दगडाच्या खळग्यांत टेके. कवाडाचें सारें वजन त्या दगडावर, आणि दगडाचें जमिनीवर. चार फूट रुंद, नऊ फूट उंच आणि पावणेतीन इंच जाड अशा सागवानी कवाडाचें वजन सुमारें दीडशे किलो भरतें; लोखंडी पट्ट्या व खिळे निराळेच. तरी घरांतली म्हातारी बाई तें एका हातानें लोटीत असे, आणि पोरें त्यावर लोंबकळून झोके घेत. कवाड अंगावर पडून कोणी दगावल्याच्या गोष्टी जुन्या लोकांच्या तोंडीं सहसा नसत, याचें कारण तेंच. जें आधींच जमिनीवर टेकलेलें आहे तें पडणार कोठें? चिंचवडच्या जुन्या गांवठाणांत मंगलमूर्तींचा वाडा आहे, चाफेकर बंधूंचा वाडा आहे. असल्या वाड्यांच्या मानानें आजचीं घरें मजबूत खरीं, पण दार उभें करण्याची ही रीत मात्र त्यांत उरली नाहीं.

शिवाय जुनें कवाड बोलत असे. खळग्यांत माती शिरली कीं तें करकरे. खुंट झिजला कीं कवाड खालीं बसे आणि फरशीवर अर्धवर्तुळाकार ओरखडा उमटे. पावसाळ्यांत लाकूड फुगलें कीं तें चौकटींत दाटे. या सर्व तक्रारी घरच्यांना डोळ्यांनीं दिसत, कानांनीं ऐकूं येत, आणि त्यांवरचे उपायही घरांतच असत. आगोटीपूर्वीं कौलें चाळतांना दारांना तेलाचा हात फिरे, खळग्यांतली माती निघे, अडसर सरकतो कीं नाहीं तें पाहिलें जाई. फारच झालें तर सुतार येऊन खुंटाखालीं लोखंडाची चकती बसवी. एवढ्यावर तें दार दोन-तीन पिढ्या निघत.

माणसाबरोबर वाहन घरांत आलें तेव्हां दारापुढें निराळा प्रश्न उभा राहिला. घोड्यांसाठीं पागा होत्या, पुढें बग्ग्या आल्या तेव्हां गाडीखाने झाले. पुण्यांत मंडईजवळच्या भागाला गाडीखाना हें नांव अजून चालतें. मोटारी आल्यावर संस्थानिकांनीं त्यांचे मोटारखाने केले. फ्रेंच भाषेंतील ‘आडोशाला ठेवणें’ अशा अर्थाच्या धातूवरून आलेला गॅरेज हा शब्द मागाहून आपल्याकडे रूढ झाला, आणि मराठींत त्याचा अर्थ दुरुस्तीचें दुकान असाच अधिक झाला, ही एक गंमतच. आरंभींचीं मोटारघरें म्हणजे नांव बदललेले तबेलेच होते, आणि त्यांचीं दारेंही तबेल्याचींच, दोन बाजूंना उघडणारीं. पण बाहेर उघडणाऱ्या दाराला अंगण लागतें, आणि आंत उघडणाऱ्या दाराला आंतली जागा. अमेरिकेंत त्यांत बर्फाची भर. दाराशीं बर्फ साचला कीं आधीं खोरें घेऊन तो उपसावा आणि मग दार उघडावें. या जाचांतून सी. जी. जॉन्सन या गृहस्थानें १९२१ सालीं आडव्या फळ्यांचें, रुळावरून वर जाऊन छताखालीं पसरणारें दार काढलें आणि १९२६ सालीं तें विजेनें उघडण्याचें यंत्रही काढलें. जागा वांचली, अंगण मोकळें झालें. मात्र या सोयीची एक किंमत होती. दाराचें वजन जमिनीवरून उचललें गेलें आणि माणसाच्या डोक्यावर जाऊन बसलें.

आपल्याकडे तें अमेरिकन दार पुष्कळ उशिरां आणि थोड्या घरांत आलें. आपल्याकडे आलें तें शटर, आणि तेंही दुकानावरून. पूर्वीं पेठेंतील दुकानाला फळ्या असत. त्यांवर क्रमांक घातलेले असत, आणि रात्रीं दुकानदार किंवा त्याचा नोकर त्या एकेक करून उंबरठ्याच्या खांचेंत उभ्या करी. विलायतेंत एकोणिसाव्या शतकांतच लोखंडी पट्ट्यांचीं गुंडाळणारीं दारें दुकानांना लागूं लागलीं होतीं. तीं हळूहळू मुंबईच्या गुदामांना, मग पुण्याच्या दुकानांना, आणि मग कारखान्यांच्या गाळ्यांना आलीं.

पिंपरी-चिंचवडचा इतिहास येथें शटरशीं जोडला जातो. फाळणीनंतर पिंपरीला सिंधी निर्वासितांची वसाहत झाली; १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला; १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि भोसरी-चिंचवडच्या माळरानावर शेडच्या रांगा उठल्या. आकुर्डीला स्कूटरी, पिंपरीला टेल्कोच्या मालमोटारी. १९७० सालीं चार गांवें मिळून नगरपालिका झाली, १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. दरम्यान १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण निघालें आणि निगडी-आकुर्डीकडे कामगार, फोरमन, इंजिनियर, शिक्षक असल्या लोकांनीं भूखंड घेऊन घरें बांधलीं. आरंभीं त्या घरांत मोटार नव्हतीच. अनेक वर्षे नंबर लावून मिळालेली स्कूटर ओटीवर किंवा जिन्याखालीं उभी राही. १९८३ च्या डिसेंबरांत पहिली मारुती रस्त्यावर आली, आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मध्यमवर्गाच्या घरालाही मोटारघर लागूं लागलें. त्याला दार कोणतें बसवावें? ज्या कारागिरांनीं गाळ्यांचीं शटरें केलीं होतीं ते जवळच होते. गाळ्याचें शटर घराला आलें तें असें.

पण गाळ्यांत आणि घरांत एक मोठा भेद आहे, तो शटरबरोबर आला नाहीं. गाळ्याचें शटर सकाळीं एकदां उघडतें, रात्रीं एकदां मिटतें, तें उघडणारा माणूस ठरलेला असतो, आणि त्याच्या आसपास मोठीं माणसें असतात. घराच्या शटरखालून दिवसभरांत आजोबा जातात, कामवाली बाई जाते, सायकल घेऊन मुलें जातात, मांजर जातें. गाळ्याची वस्तु घराला लावतांना घराचा हा वर्दळीचा हिशेब कोणी केला नाहीं.

आतां या दाराची घडण पाहूं. मोटार आंत जाण्यासाठीं तीन मीटर रुंद व अडीच मीटर उंच अशी वाट धरली तर तिचें क्षेत्र साडेसात चौरस मीटर होतें. शटरच्या पोलादी पट्टीची जाडी साधारण ०.९ मिलिमीटर असते. एवढ्या क्षेत्राचा नुसता सपाट पत्रा घेतला तरी त्याचें वजन ५३ किलो होतें. पट्ट्यांच्या एकमेकींत अडकलेल्या वळणदार कडा आणि तळची जाड पट्टी धरून तें याहून बरेंच अधिक भरतें. तरीही चांगलें शटर एका हातानें वर जातें, याचें गमक वरच्या पेटींत आहे. तेथें एक आडवा नळ असून त्यावर पोलादाच्या स्प्रिंगा बसविलेल्या असतात. शटर खालीं ओढलें कीं स्प्रिंगा पिळल्या जातात, आणि पुढच्या वेळीं तोच पीळ शटरला वर उचलतो. माणूस फक्त खूण करतो; उचलण्याचें काम स्प्रिंग करते.

यांतून एक गोष्ट निघते आणि तीच या विषयाचें मर्म होय. शटर मिटलेलें असतें तेव्हां घरच्यांना तें अगदीं शांत, निजल्यासारखें वाटतें. पण त्याच वेळीं वरच्या पेटींतल्या स्प्रिंगा पुऱ्या ताणलेल्या असतात. आणि शटर वर गेलेलें असतें तेव्हां स्प्रिंगा सैल असतात, पण सारें वजन डोक्यावर असतें. म्हणजे दाराची कोणतीही अवस्था घेतली तरी कोठें ना कोठें सांठलेली शक्ति आहेच. वाड्याच्या कवाडांत ती नव्हती. म्हणून वाड्याच्या कवाडाला घरचा माणूस हात घालीत असे तसा या दाराला घालून चालत नाहीं. स्प्रिंगला, नळाच्या टोंकांना, किंवा ज्यांवर नळ टेकतो त्या भिंतींतल्या आधारांच्या बोल्टांना घरच्यानें पाना लावूं नये. बोल्ट सैल होतांच पीळ एकदम सुटतो, नळ गरकन फिरतो, आणि हातांतली पहार किंवा पाना माणसाच्याच तोंडावर येतो. जाणता शटरवाला स्प्रिंग सोडतांना पीळ थोडाथोडा उतरवितो, नळ अडकवून ठेवतो आणि स्वतः फिरणाऱ्या पहारेच्या रेषेंत उभा राहत नाहीं. ती कला आहे. छापील पुस्तिका वाचून ती येत नाहीं. दोनशे-चारशे रुपये वांचविण्यासाठीं शिडीवर चढणाऱ्या यजमानांना हें कितीदांही सांगितलें तरी थोडेंच होईल.

भारतीय मानक संस्थेनें धातूच्या शटरांसाठीं ६२४८ क्रमांकाचें मानक केलें असून तें १९७९ सालचें आहे. हातानें ओढण्याचें शटर आठ चौरस मीटरपर्यंत असेल तर तें साध्या बैठकीवर चालूं शकतें, बारा चौरस मीटरपर्यंत असेल तर गोळ्यांची बेअरिंग हवी, आणि त्याहून मोठें असेल तर तें हातानें ओढण्याचें ठेवूंच नये, दातेरी चाकांचें किंवा विजेचें करावें, असा त्याचा रोख आहे. दोन गाड्यांसाठीं रुंद वाट ठेवून तिला एका गाडीच्या मापाचींच स्प्रिंग व बैठक बसविणें, ही काटकसर पुढें महाग पडते.

मग घरच्यानें करावें तरी काय? पुष्कळ करण्याजोगें आहे, आणि त्यासाठीं पाना लागत नाहीं. पहिली गोष्ट तोल पाहणें. शटर विजेचें असेल तर तें आधीं पुरतें खालीं आणावें, वीज बंद करावी, आणि मगच यंत्राची जोड सोडण्याची दोरी किंवा चावी वापरावी. शटर वर असतांना ती दोरी कदापि ओढूं नये. स्प्रिंग तुटलेली असेल तर त्या क्षणीं शटर कोसळतें. जोड सुटल्यावर शटर हातानें कमरेच्या उंचीपर्यंत उचलावें आणि हात न काढतां पकड किंचित सैल करून पाहावी. तें जागच्या जागीं राहिलें तर तोल बरोबर आहे. खालीं येऊं लागलें तर स्प्रिंगचा पीळ उतरला आहे. आपणहून वर पळूं लागलें तर पीळ अधिक आहे. दोन्ही प्रसंगीं शटरवाल्याला बोलवावें. यंत्र आहे म्हणून जड झालेलें शटर तसेंच चालवीत राहणें म्हणजे आजारी बैलाला पराणी टोंचण्यासारखें आहे. तें काम करील, पण जेव्हां बसेल तेव्हां मध्येंच बसेल.

दुसरी गोष्ट दोन्ही बाजूंच्या उभ्या खांचा. त्यांत औद्योगिक पट्ट्याची धूळ, रस्त्यावरची खडी, रातकिडे, कोळिष्टकें सर्व जमतें. त्या कोरड्या फडक्यानें पुसाव्या. पुष्कळजण तेथें ग्रीस थापतात; त्याला धूळ चिकटून चिखल होतो आणि शटर तिरकें चढूं लागतें. खांच वांकलेली दिसली, किंवा तिचे भिंतींतले स्क्रू उचकटलेले दिसले, तर शटर वापरणेंच थांबवावें. खांचेंतून निसटलेली पट्टी हवेंत लोंबते आणि पाठोपाठ बाकीचीं येतात. तिसरी गोष्ट तळची पट्टी. या भागांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत जो पाऊस लागतो त्याचें पाणी उतारावरून मोटारघराच्या उंबऱ्याशींच येतें, आणि गंज तेथूनच चढतो. तळ गंजून हलका झाला तर तोल बिघडतो. त्यावर कोणी जाड लोखंडाचा तुकडा जोडून घेतला तर तोल उलट बाजूनें बिघडतो. दुरुस्तीनंतर स्प्रिंग पुन्हां जुळवून घ्यावयाची असते, ही गोष्ट वेल्डिंग करणारा सांगत नाहीं, कारण तें त्याचें काम नव्हे.

पायानें शटर दाबून खालीं आणण्याची दुकानदारी संवय घरांत शिरली आहे ती सोडलेली बरी. बोटें पट्ट्यांच्या सांध्यांत घालून ओढणेंही तसेंच; मुठीसाठीं तळाशीं कडी असते, ती त्याचसाठीं आहे. आणि विजेच्या शटरला जुनें बाजूचें कुलूप तसेंच ठेवलेलें असेल तर एके दिवशीं कोणीतरी कुलूप न काढतां बटण दाबतोच.

शटरइतकेंच लक्ष द्यावें असें दुसरें एक दार या शहरांत घरोघर आहे, तें म्हणजे रुळावरून सरकणारें लोखंडी फाटक. त्याचें वजन जमिनीवर असतें, म्हणून तें निर्धोक वाटतें. पण तेंही वाड्याच्या कवाडासारखें नाहीं. कवाडाला वर आणि खालीं दोन्हीकडे खुंट असे. सरकतें फाटक खालीं दोन चाकांवर चालतें, आणि तें उभें राहतें तें वरच्या बाजूला भिंतीला लावलेल्या लहानशा रुळांच्या आधारामुळें. तो आधार तुटला, किंवा शेवटचा अडथळा नसल्यामुळें फाटक जरूरीपेक्षां पुढें ढकललें गेलें, तर तें क्षणांत आडवें होतें. २०२४ च्या जुलैअखेर याच महानगरपालिकेच्या हद्दींत बोपखेल येथें एका घराचें असें लोखंडी फाटक खेळणाऱ्या मुलांपैकीं एका चिमुकल्या मुलीच्या अंगावर कोसळलें आणि ती जागींच गेली. मुलांचा अपराध एवढाच कीं, तीं घरासमोर खेळत होतीं. फाटकाच्या दोन्ही टोंकांना पक्के लोखंडी अडथळे आहेत कीं नाहींत, आणि वरचा आधार फाटकाला दोन्ही अंगांनीं धरतो कीं नाहीं, हें पाहण्याला पांच मिनिटें लागतात. फाटक पुरें उघडून, पुरें मिटून, एकदां बाहेरून आणि एकदां आंतून पाहावें. चाक रुळावरून उडतें असें एकदां जरी दिसलें तरी त्या दिवसापासून फाटक दोरखंडानें भिंतीला बांधून ठेवावें आणि कारागीर येईपर्यंत मुलांना तिकडे फिरकूं देऊं नये.

विजेच्या दारांचा अनुभव अमेरिकेला आपल्याआधीं आला. तेथें मुलें दाराखालीं अडकून मरण्याचे प्रकार वारंवार घडूं लागले, तेव्हां १९९० सालीं तेथील काँग्रेसनें कायदा केला आणि १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती यंत्रांना अडथळ्याची जाणीव असलीच पाहिजे असें ठरविलें. खालीं येणारें दार कशाला तरी लागलें कीं त्यानें दोन सेकंदांत मागें फिरावें. शिवाय जमिनीपासून सहा इंचांच्या आंत दोन्ही बाजूंना प्रकाशाचा डोळा असावा, आणि त्याच्या आड कांहीं आलें कीं दारानें खालीं येऊंच नये. डोळा एवढा खालीं कां, असें कोणी विचारील. मोठ्या माणसाच्या कमरेशीं तो लावला असता तर रांगणारें मूल त्याखालून सहज निघून गेलें असतें.

आपल्याकडे शटरला यंत्र बसवून घेतांना हा डोळा बऱ्याच वेळां ‘वरची वस्तु’ म्हणून वगळण्यांत येतो. तो वगळूं नये. आणि असलेला डोळा व्यवस्थित चालतो कीं नाहीं हें महिन्यांतून एकदां पाहावें: दार खालीं येत असतांना लांब काठी डोळ्यांच्या मध्यें धरावी, मग जमिनीवर दीड इंच जाडीचा लाकडी तुकडा आडवा ठेवून दार त्यावर येऊं द्यावें. दोन्ही वेळीं दार परतलें पाहिजे. न परतलें तर यंत्र बंद करून ठेवावें. या परीक्षेला स्वतःचा हात किंवा पाय वापरणारे शूर पुरुष आहेत. त्यांनीं लांकूड वापरावें. बटण जमिनीपासून पांच फुटांच्या वर असावें, म्हणजे मुलांचा हात तेथें पोंचत नाहीं, आणि तें अशा जागीं असावें कीं बटण दाबणाऱ्याला दार दिसेल. खिशांतल्या चावीनें रस्त्याच्या वळणावरूनच दार मिटून टाकण्याची हौस येथें फार वाढली आहे, ती वाईट.

अमात्यांच्या चोरदिंडीचा विचार येथें पुन्हां घ्यावयाचा. पुष्कळ बंगल्यांत मोटारघराला शटर सोडून दुसरें दार नसतें. वीज गेली, स्प्रिंग तुटली, आणि घरांतलें माणूस आंत असलें, तर बाहेर पडण्याचा मार्ग उरत नाहीं. आणि मग घाबरून तें माणूस शटरशींच झटूं लागतें. घर बांधतांनाच मोटारघरांतून घरांत किंवा अंगणांत उघडणारें एक साधें दार ठेवावें. जुन्या घरांत भिंत फोडून तें करून घेतां आलें तर तेंही करावें.

स्प्रिंग तुटल्याची खूण बहुधा आवाजानें कळते. फटाका वाजल्यासारखा एकच खणखणीत आवाज येतो, आणि त्यानंतर शटर एकाएकीं इतकें जड होतें कीं दोघांना उचलवत नाहीं. अशा वेळीं शटर मिटलेलें असेल तर मिटलेलेंच राहूं द्यावें. गाडी एक दिवस आंत राहिली म्हणून कोणाचें बिघडत नाहीं. उघडें असेल तर त्याखालून कोणीही जाऊं नये, आणि तें हातानें खालीं आणण्याची खटपटही करूं नये.

पोलादाची स्प्रिंग म्हातारी होते, ही गोष्ट घरांत कोणाच्या लक्षांत राहत नाहीं, कारण ती डोळ्यांआड असते. घरगुती दाराची साधी स्प्रिंग सुमारें दहा हजार फेऱ्यांची, असा हिशेब अमेरिकन कारखानदार धरतात; एकदां उघडणें आणि एकदां मिटणें मिळून एक फेरी. दिवसाला चार फेऱ्या झाल्या तर वर्षाला १,४६० होतात, म्हणजे सात वर्षें पुरीं होण्याच्या आंतच आयुष्य सरलें. दोन फेऱ्यांच्या घरांत तीच स्प्रिंग तेरा वर्षांच्या पुढें जाते. वाड्याच्या दिंडीचें शहाणपण येथेंही आहेच: पायीं जाणाऱ्यांसाठीं निराळें दार असलें तर शटरच्या निम्म्या फेऱ्या वांचतात.

खंडेनवमीला या पट्ट्यांत लेथपासून स्कूटरपर्यंत सर्व यंत्रांची पूजा होते. मोटार धुवून बाहेर काढतात, तिला झेंडूची माळ घालतात, आणि शटरलाही एक तोरण मिळतें. गाडी त्या दिवशीं बाहेर असतेच, मोटारघर रिकामें असतें, पावसाळा संपलेला असतो. वर्षांतून एकदां शटरवाल्याला बोलावून पेटी उघडून पाहावयाची तर याहून सोईचा दिवस नाहीं. फक्त त्या दिवशीं तो स्वतःच्या हत्यारांची पूजा करीत असतो, म्हणून त्याला आदल्या आठवड्यांत गांठावें. त्यानें स्प्रिंगवर हलक्या तेलाचा हात फिरवावा, नळाच्या दोन्ही टोंकांच्या बैठका पाहाव्या, भिंतींतले आधार हालतात का तें पाहावें. दोनपैकीं एक स्प्रिंग तुटली असेल तर दुसरी तिच्याच वयाची असते. दोन्ही एकदम बदलून घ्याव्या. आणि नवी स्प्रिंग बसविल्याची तारीख पेटीच्या आंतल्या बाजूला रंगानें लिहून ठेवावी, म्हणजे दहा वर्षांनीं घर विकत घेणाऱ्यालाही ती वाचतां येईल.